चष्मा शेजारच्याला द्या

"चष्मे उतरवा," असा आवाज आला आणि तीनशे माणसांनी नाकावरचे चष्मे उतरवले. कुणी ते खिशात घातले, कुणी मांडीवर ठेवले. बंद पडलेल्या सिनेमाघरात, रविवारी सकाळी दहा वाजता, मी मागून चौथ्या रांगेत एका मोडक्या खुर्चीवर बसले होते. शेजारी माझी आत्या होती. माझ्या खुर्चीची स्प्रिंग मला टोचत होती. आत्याच्या खुर्चीलाही तशीच होती, पण तिला ती टोचत नव्हती, कारण तिचं सगळं लक्ष पडद्याकडे लागलं होतं.

पडद्यापुढे किरणबाबा उभे होते. अंगात पांढराशुभ्र सदरा, छातीपर्यंत दाढी, आवाजात मध कालवलेला. त्यांनी दिवे मालवायला सांगितलं, हातातली पितळी नळी उचलली, आणि पडद्यावर परातीएवढा लाल उजेड उमटला.

"सज्जनहो, हा नुसता उजेड नाही. यात दाणे आहेत. बारीक, चमचमते, जिवंत दाणे. दिसतात?"

"दिसतात," सगळे म्हणाले.

"धूसर दिसतात की स्वच्छ?"

"स्वच्छ."

"आणि चष्मा कुठे आहे?"

यावर सभागृहातून जो हुंकार उठला तो ऐकण्यासारखा होता. बाबांनी तो पुरता ऐकून घेतला आणि मगच पुढे बोलले. "मघाशी चष्मा काढल्यावर तुम्हाला शेजारच्याचं नाकसुद्धा दिसत नव्हतं. आता तीस हातांवरचा कण न् कण दिसतोय. डोळा सुधारला की नाही, हे मी कशाला सांगू? तुमचा डोळाच साक्ष देतोय. आता मान हळूच उजवीकडे न्या. दाणे डावीकडे पळाले? तो तुमचा आजार पळाला. आणि ज्यांना दाणे आपल्याबरोबर उजवीकडे येताना दिसले, त्यांच्यामागे कृपा चालत आली."

म्हणजे दाणे कुठेही गेले तरी बाबांचंच खरं. आत्याने माझा दंड घट्ट धरला. "बघ, पळाले की नाही डावीकडे?" ती कुजबुजली. "तुमच्या त्या यंत्राने काय केलं सांग बरं."

मी दाण्यांकडे बघतच नव्हते. बाबांचं हे भाषण मला तोंडपाठ होतं. चष्मा काढा, दाणे बघा, मान हलवा, सगळं त्याच क्रमाने. गेली अकरा वर्षं हे भाषण मीच करत आले होते.

आता हे जरा समजावून सांगायला हवं.

मी एका छोट्या कारखान्यात काम करते. आम्ही चौदा जण मिळून डोळ्यांच्या दवाखान्यांसाठी लेझरची यंत्रं बनवतो. 'बनवतो' म्हणजे आत्ता कुठे एक यंत्र दवाखान्यात उभं राहिलंय. आमचे मालक, ज्यांना सगळे नुसतं 'काका' म्हणतात, पूर्वी परदेशी यंत्रं दुरुस्त करायचे. एका पेराएवढा भाग बिघडला की तो साता समुद्रापलीकडून येईपर्यंत पाच-पाच महिने यंत्र चादर पांघरून पडून राहायचं आणि रोगी तसेच परत जायचे. त्याचा राग येऊन त्यांनी स्वतःच यंत्र करायला घेतलं. हनुवटी टेकवायची चौकट शेजारच्या लेथवाल्याने वळवली, विजेचा भाग आमच्याकडच्या दोन मुलींनी जुळवला, भिंगं आणि आरसे माझ्याकडे. आरसा केसभर सरकला तरी किरण भलतीकडे जातो, म्हणून मी दिवसभर श्वास रोखल्यासारखी काम करते आणि घरी आल्यावर बडबड करते, असं आत्या म्हणते. पुढचं यंत्र मुतखडा फोडण्यासाठी करायचं असं काकांच्या डोक्यात आहे, पण त्याला अवकाश आहे.

आमच्या यंत्रात दोन किरण असतात. हिरवा किरण काम करतो. लाल किरण अगदी मिणमिणता, फक्त निशाणीपुरता. हिरवा नेमका कुठे पडणार हे डॉक्टरांना आधी कळावं म्हणून. आणि आमच्या कारखान्याची एक रीत आहे. नवा माणूस कामाला लागला की पहिल्याच दिवशी त्याला अंधाऱ्या खोलीत न्यायचं, त्याचा चष्मा काढून घ्यायचा, भिंतीवर लाल किरण पसरून त्यातले दाणे दाखवायचे, मान हलवायला लावायची आणि गंभीर चेहरा करून सांगायचं, "अभिनंदन, तुमचा नंबर गेला." तो खूश झाला की सगळ्यांनी हसायचं. मग त्याला खरं कारण समजावून सांगायचं. ही गंमत करायचं काम माझ्याकडे, कारण माझा चेहरा मुळातच गंभीर आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक विक्रीवाला आला होता. बोलण्यात इतका गोड की आठवड्याच्या आत त्याचं नाव गोडबोल्या पडलं. पहिल्या दिवशी ही गंमत केली तेव्हा सगळ्यांत जास्त तोच हसला आणि पुन्हा एकदा करून दाखवा म्हणाला. कारण समजावण्याची वेळ आली तेव्हा मात्र तो चहा प्यायला गेला. वर्षभर दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या, एकही यंत्र विकलं गेलं नाही, आणि एक दिवस तो नमुन्याच्या पेटीसकट नाहीसा झाला. त्या पेटीत निशाणीच्या लाल किरणाची एक नळी होती.

दाढी वाढवली तरी माणसाचे कान बदलत नाहीत. पडद्यापुढचे ते उभट कान मी ओळखले.

कार्यक्रम संपल्यावर लोक 'किरणजला'च्या बाटल्यांसाठी रांगेत उभे राहिले. आत्याही राहिली. मी पडद्यामागे गेले. बाबा दाढीखाली पंखा धरून वारा घेत होते. मला पाहून ते जराही दचकले नाहीत.

"या ताई, चहा घ्या. कसं झालं? तुमच्याइतकं गंभीर नाही जमत मला."

"नळी आमची आहे," मी म्हणाले.

"नळी तुमची, दाढी माझी. लोक दाढीसाठी येतात." तो हसला. त्याचं हसू अजून तसंच होतं, राग येऊ न देणारं, आणि म्हणूनच मला फार राग आला. "ताई, तुमचं यंत्र घेऊन मी वर्षभर फिरलो. जिथे जाईन तिथे विचारायचे, चाचणी कुठे झाली, किती जणांवर झाली, परवाना कुठाय, देशी आहे मग टिकेल का. कागद दाखवून दाखवून हात दुखले. ही नळी घेऊन उभा राहिलो, तर आजवर एकाने एक प्रश्न विचारला नाही."

"मागून चौथ्या रांगेत माझी आत्या बसली होती."

"घड्याळवाल्या बाई? वा, त्या तर आमच्या खास. पुढच्या रविवारी त्या मंचावर येऊन अनुभव सांगणार आहेत."

"तिच्या डोळ्यांत, आतल्या पडद्यावर, नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवल्यात. उपचाराचं, लेझरपुढचं एक बसणं झालंय, दोन राहिलीत. ती गेली नाही तर वाहिनी फुटेल आणि डोळा रक्ताने भरेल. परवाची तारीख तिने तुझ्यामुळे चुकवली."

त्याने पंखा खाली ठेवला. मग पुन्हा आवाजात मध कालवला. "उपचार थांबवा असं मी कधीच म्हणत नाही. दोन दगडांवर पाय ठेवू नका, एवढंच म्हणतो. बाकी ज्याची त्याची श्रद्धा."

मी चहा न पिता निघाले. त्याच्या थोबाडात मारावीशी वाटत होती, आणि स्वतःच्याही, कारण ही गंमत त्याला मीच शिकवली होती.

आत्याबद्दल सांगते. ती घड्याळं दुरुस्त करते. भर बाजारातल्या एका जिन्याखाली तिचं दुकान आहे, उभं राहिलं तर डोकं आपटेल एवढं. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, त्याच जिन्याखाली. तिच्या टेबलावर एकेक स्क्रू इतका बारीक असतो की शिंक आली तर दुकानाबाहेर जाऊन शिंकायचं, हा मी शिकलेला पहिला नियम. चष्मा जाड, लांबचं दिसत नाही, पण हातभर अंतरावरचं तिच्याइतकं बारीक कुणाला दिसत नसेल. डोळे गेले तर तिचं काय उरेल हा विचार मी करत नव्हते, आणि ती तर त्याहून करत नव्हती. दहा वर्षांच्या मधुमेहाने डोळ्यांत हात घातला तेव्हा मला वाटलं, आपलं यंत्र शेवटी आपल्या माणसाच्या कामी आलं. किती मिरवले मी.

आणि पहिल्या बसण्यानंतर आत्या घरी येऊन म्हणाली, "हिरव्या विजा चमकल्या, डोकं ठणकलं, आणि दिसतंय तेवढंच दिसतंय." तिचं चुकीचं नव्हतं. हे यंत्र दृष्टी वाढवत नाही. आहे ती राखतं. डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं, पण ते माझ्या मिरवण्यात वाहून गेलं. त्यात तिला काहीच दुखत नव्हतं, अंधारी येत नव्हती. असला आजार शेवटपर्यंत आवाज करत नाही. मग तिच्याकडे एक गिऱ्हाईक आलं, त्याने किरणबाबांचं नाव सांगितलं, आणि बाबांनी एका मिनिटात तिला चष्म्याशिवाय स्वच्छ दाणे दाखवले.

त्या रविवारी संध्याकाळी मी तिला सगळं सांगून टाकलं. बाबा कोण, नळी कुणाची, दाणे कसले. ती शांतपणे ऐकत होती, म्हणजे तिचं डोकं तापलं होतं.

"तुला तुझं यंत्र खपवायचंय," ती म्हणाली.

"आत्या, मी यंत्र विकत नाही. मी आरसे जुळवते."

"मग मला जे दिसलं ते खोटं का? माझ्या डोळ्यांनी बघितलं मी."

"दिसलं ते खरंच. पण त्याचा अर्थ त्याने लावला."

"शब्दांत मला अडकवू नकोस. घड्याळ बंद का पडलं यावर गिऱ्हाईक मला तासभर भाषण देतं. मी ऐकत नाही, मागचं झाकण उघडते. बोलू नकोस, दाखव."

हेच मला आधी सुचायला हवं होतं. मी म्हणाले, "शनिवारी दुपारी कारखान्यात ये. तूच तपास. तुझं खरं निघालं तर मी पुन्हा दवाखान्याचं नाव काढणार नाही. माझं निघालं तर सोमवारी तू माझ्याबरोबर येशील." डॉक्टरांनी चुकलेल्या तारखेऐवजी सोमवार दिला होता, आणि यापुढे उशीर नको असं फोनवर दोनदा बजावलं होतं.

"कबूल," आत्या म्हणाली.

शनिवारी ती आली. दारातल्या चिकट चटईवर चपला काढल्या, टोपी घातली. मी म्हटलं, अंगठी आणि घड्याळ काढून ठेव, चकचकीत वस्तूवरून किरण उडून कुणाच्या डोळ्यात जातो. तिने मनगटावरचं घड्याळ काढलं आणि पांढरा पट्टा उघडा पडलेल्या हाताकडे पाहून म्हणाली, "उघड्यावर आल्यासारखं वाटतंय." मग तिने सगळा कारखाना नीट पाहिला. माझ्या बाकावरचे चिमटे उचलून बघितले, एक परत ठेवत म्हणाली, याचं टोक वाकलंय. खरंच वाकलं होतं.

अंधाऱ्या खोलीत काका, त्या दोन मुली आणि आमच्या हिशेबनीस बाई जमल्या. भिंतीवर लाल उजेड पडला. मी काहीच बोलले नाही. दाखव म्हणाली होती ना.

आत्याने चष्मा काढला. "दाणे स्वच्छ आहेत," तिने नोंदवल्यासारखं सांगितलं. चष्मा घातला. "तेवढेच स्वच्छ." मग तिने हात पुढे केला. "तुमचा चष्मा द्या हो बाई." हिशेबनीस बाईंचा चष्मा लावून तिने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरची विजेची कळ तिला दिसेना, दार कुठे आहे ते कळेना, पण दाणे होते तस्से. काकांचा चष्मा लावला, तेच. मग तिने मुलींना विचारलं, "तुम्हाला चष्मा नाही, डोळ्याला काही नाही. तुम्हाला?" दोघी म्हणाल्या, "आम्हालाही तसेच दिसतात."

आत्याचं समाधान झालं नव्हतं. मग तिने पिशवीतून डोळ्यात बसवायचं आपलं घड्याळजीचं भिंग काढलं. ते लावलं की चार बोटांपलीकडचं जग नाहीसं होतं. तिने ते लावून भिंतीकडे तोंड केलं.

"भिंत गेली," ती हळू म्हणाली. "खोली गेली. तू गेलीस. नुसता लाल ढग आहे. पण ढगात दाणे आहेत, टोकदार." भिंग काढून तिने माझ्याकडे पाहिलं. "जे या भिंगातूनही बिघडत नाही, ते भिंतीवर असूच शकत नाही. कुठे आहे ते?"

"तुझ्या डोळ्यात," मी म्हणाले.

मग मी कारण सांगितलं. साध्या दिव्याचा उजेड म्हणजे बाजारातली गर्दी, जो तो आपापल्या चालीने. लेझरचा उजेड एका चालीत, एका लांबीच्या लाटांनी येतो. भिंत आपल्याला गुळगुळीत वाटते, पण ती खडबडीत असते, म्हणून तिच्यावरून परतताना काही लाटा पुढे, काही मागे पडतात. डोळ्यात पोचल्यावर कुठे दोन लाटा एकमेकींना उचलून धरतात, तिथे चमकता ठिपका. कुठे एकमेकींना खोडून टाकतात, तिथे काळा. ही नक्षी थेट डोळ्याच्या मागच्या पडद्यावर तयार होते, म्हणून ती अंधूक होण्याचा प्रश्नच येत नाही. चष्मा असो, नसो, चुकीचा असो. मान हलवली की ज्याला लांबचं दिसत नाही त्याचे दाणे उलटे पळतात, ज्याला जवळचं दिसत नाही त्याचे बरोबर येतात. तो आजार पळत नाही, उलट आजार आहे हेच त्यावरून कळतं.

"म्हणजे दाणे डावीकडे पळाले म्हणून मी टाळ्या वाजवल्या," आत्या म्हणाली, "आणि ते सांगत होते की माझा नंबर आहे तिथेच आहे."

मुली हसल्या. आत्याही हसली, पण लगेच तिचा चेहरा पडला. स्टुलावर बसत ती म्हणाली, "मला बरं वाटलं होतं गं. रात्री झोप लागायला लागली होती." मला रडू आलं. मी तिच्या गुडघ्याशी बसले आणि म्हणाले की चूक माझी आहे, यंत्राचं कौतुक सांगताना ते काय करत नाही हे मी नीट सांगितलंच नाही. तिने माझ्या टोपीवर टपली मारली. "ते असू दे. उद्या मला तिथे अनुभव सांगायला बोलावलंय. मी जाणार आहे."

"आणि काय सांगणार?"

"अनुभव," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सिनेमाघर ओसंडून वाहत होतं. बाबांनी दाणे दाखवले, आजार पळवला, कृपा चालवली आणि मग मोठ्या मायेने आत्याचा हात धरून तिला मंचावर आणलं. "या ताईंचा व्यवसाय बारीक नजरेचा. यांचे शब्द ऐका."

आत्याने ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि आधी त्यावर दोनदा टकटक केलं, बंद पडलेलं घड्याळ ठोकून बघावं तसं. "मी घड्याळं दुरुस्त करते. या उजेडात मला चष्म्याशिवाय स्वच्छ दाणे दिसले, हे अगदी खरं आहे. तुम्हालाही दिसतात?"

"दिसतात," सभागृह गरजलं. बाबा डोळे मिटून डोलत होते.

"आता सगळ्यांनी चष्मे घाला. दिसतात?"

"दिसतात."

"आता चष्मा शेजारच्याला द्या. हो हो, द्या. त्याचा तुम्ही घ्या. घातला? दिसतात?"

बाबांचे डोळे उघडले. खाली नुसती धांदल उडाली होती. बाजारातल्या एका शिंप्याने शेजारी बसलेल्या शाळेच्या बाईंचा चष्मा लावला, शाळेच्या बाईंनी बसवाहकाचा. कुणाला पुढची खुर्ची कुठे आहे ते दिसेना, एक जण दुसऱ्याच्या मांडीवर बसला. पण पडद्याकडे बघून सगळे म्हणाले, "दिसतात."

"मान हलवा. मघाशी ज्यांचा आजार पळाला होता, त्यांतल्या कुणाची आता कृपा चालत येते का?"

"माझी येतेय," शिंपी म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी होती. "मघाशी पळत होता. आता मागे लागलाय."

लोक हसायला लागले. बाबा सावरले. ते काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "बघा सज्जनहो, चष्मा कुणाचाही असो, कृपा तीच. कृपेला भेदभाव नाही."

टाळ्या पडायला सुरुवात झाली. आत्याने टाळ्या संपू दिल्या. मग पिशवीतून भिंतीवरचं एक मोठं घड्याळ काढलं, दुकानातून आणलेलं, आणि लाल उजेडाच्या मधोमध धरलं. "आता चष्मे पुन्हा उतरवा. दाणे दिसतात ना? मग या घड्याळात किती वाजले ते सांगा."

लोक डोळे बारीक करून पुढे वाकले.

"मागच्या रांगेतल्यांनी सांगा. बरे झालेत ना डोळे?" ती बाबांकडे वळली. "बाबा, चष्मा उतरवला की मलाही पहिल्या रांगेतले चेहरे दिसत नाहीत. जे डोळा बरा नसताना दिसतं, नंबर चुकला तरी दिसतं, ज्यांना काही आजारच नाही त्यांनाही दिसतं, ते दिसल्यावर बरं काय झालं?"

"शंका घेणाऱ्याच्या डोळ्यांवर पडदा असतो," बाबा म्हणाले, पण आवाजातला मध पातळ झाला होता.

आता माझी पाळी होती. मी खिशातून आमच्या कारखान्यातली तशीच नळी काढली आणि शिंप्याच्या हातात दिली. म्हटलं, कुणाच्या डोळ्यांवर न मारता फक्त पडद्यावर धरा. पडद्यावर दुसरा लाल उजेड पडला, बाबांच्या उजेडाशेजारी, तेवढेच दाणे घेऊन.

"दादा, दाढी नसताना जमलं की," मागून कुणीतरी म्हणालं.

त्यानंतर जे हसू फुटलं ते आवरेना. शिंपी स्वतःच्या हाताकडे बघत होता, शाळेच्या बाई डोळे पुसत होत्या. बाबांनी पितळी नळी मंचावर ठेवली आणि ते पडद्यामागे गेले, ते पुन्हा आले नाहीत. कुणी त्यांना मारायला धावलं नाही. अर्ध्या लोकांना आपापला चष्माच सापडत नव्हता, धावणार कसे? नळी मी कारखान्यात परत नेली.

लोकांचे चष्मे परत मिळेपर्यंत आत्याने एक काम केलं. तिने विचारलं, डॉक्टरांनी सांगितलेले उपचार कुणी कुणी सोडलेत. आधी कुणी हात वर करेना. तिने स्वतःचा केला. मग एकेक करून नऊ हात वर आले. त्यांत तो शिंपीही होता. आठवडाभर त्याच्या डोळ्यापुढे काळ्या ठिणग्या उडत होत्या, आणि तो आजाराची राख बाहेर पडतेय असं समजून खूश होता.

सोमवारी मी आणि आत्या पोचलो तेव्हा ते नऊ जण आमच्या आधीच बाकांवर बसले होते. डॉक्टर, माझ्याहून वयाने लहान, धावपळीत बाहेर आल्या आणि रांग बघून म्हणाल्या, "एवढे सगळे कुठून आणलेत?" शिंप्याच्या डोळ्याचा आतला पडदा कडेने फाटायला लागला होता. त्याभोवती लेझरने त्याच दिवशी टाके घातल्यासारखी कड बांधून घेतली. दोन आठवडे उशीर झाला असता तर डोळा गेला असता, असं डॉक्टर त्याला म्हणाल्या. त्या दिवशी तेवढंच गंभीर घडलं.

आता मी एक नियम केलाय. कारखान्यात नव्या माणसाशी ती गंमत अजून करते, पण कारण ऐकल्याशिवाय कुणालाही चहाला सोडत नाही. आणि तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. कुणी तुम्हाला गुण आल्याचा पुरावा दाखवला, तर ज्याला काहीच झालेलं नाही अशा माणसाला तो दाखवून बघा. त्यालाही तेच दिसलं, तर तो तुम्ही बरे झाल्याचा पुरावा नाही. याला विज्ञानाची पदवी लागत नाही. शेजारी लागतो, आणि थोडा धीर.

आत्याची उरलेली बसणी पार पडली. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत थेंब घातले, भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की नव्या वाहिन्या सुकल्यात.

"म्हणजे मी अजून किती वर्षं काम करू शकेन?" आत्याने विचारलं.

"ते मला माहीत नाही, मावशी," डॉक्टर म्हणाल्या. "साखर सांभाळा आणि चार महिन्यांनी पुन्हा दाखवा. तेव्हा पुढच्या चार महिन्यांचं सांगेन."

आत्या आता चिडणार, असं मला वाटलं. तिने नुसती डॉक्टरांची चिठ्ठी पिशवीत ठेवली. थेंबांमुळे तिला उजेड सोसत नव्हता, म्हणून मी तिचा हात धरून पायऱ्या उतरत होते. मधल्याच पायरीवर ती थांबली.

"हिला काय माहीत नाही, तेही ही सांगते," ती म्हणाली. "त्याला सगळंच माहीत होतं. तिथेच मला संशय यायला हवा होता."